वापरकर्ता-केंद्रित रचना

वापरकर्ता-केंद्रित रचना ही वस्तू, यंत्र, सेवा किंवा संगणकप्रणाली घडवण्याची एक पद्धती आहे. वस्तू प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती, तिचे काम, कामाचे ठिकाण आणि तिच्या अडचणी यांचा प्रथम अभ्यास करणे, त्यानुसार नमुना तयार करणे, तो अशाच व्यक्तींच्या हाती देऊन तपासणे आणि आढळलेले दोष दूर करून पुन्हा तपासणे, हा या पद्धतीचा गाभा होय. इंग्रजीत ती 'युजर-सेंटर्ड डिझाइन' या नावाने ओळखली जाते. तिच्याद्वारे वस्तूच्या अंगी जो गुण आणायचा असतो त्याला 'वापरसुलभता' असे म्हणतात.

एखादी वस्तू वापरताना अनेकांच्या हातून तीच चूक वारंवार घडत असेल, तर दोष वस्तूच्या रचनेत शोधावा, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. 'लोकांना वापरता येत नाही' या तक्रारीचे उत्तरदायित्व त्यामुळे वापरणाऱ्याकडून घडवणाऱ्याकडे येते. पिंपरी-चिंचवड, देहूरोड, तळेगाव व चाकण हा पट्टा भारतीय वाहन उद्योगाचे प्रमुख केंद्र असून, तेथील उत्पादनांच्या इतिहासात या पद्धतीच्या यशाची आणि तिच्या मर्यादांचीही उदाहरणे सापडतात.

संज्ञा आणि व्याख्या

आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या 'आयएसओ ९२४१' या मानकमालिकेच्या अकराव्या भागात (१९९८, सुधारित आवृत्ती २०१८) वापरसुलभतेची व्याख्या दिली आहे. विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट उद्दिष्ट किती परिणामकारकतेने, कार्यक्षमतेने व समाधानाने साध्य करता येते, यावरून वस्तूची वापरसुलभता ठरते. रेल्वे स्थानकावरील तिकीट-यंत्राचे उदाहरण घेतल्यास, प्रवाशाला हवे तेच तिकीट मिळणे ही परिणामकारकता. ते गाडी येण्यापूर्वी, थोडक्या कृतींत मिळणे ही कार्यक्षमता. आणि पुढच्या वेळी प्रवासी आपण होऊन त्या यंत्राकडे वळणे ही समाधानाची खूण होय.

या व्याख्येत 'विशिष्ट' हा शब्द महत्त्वाचा आहे. वापरसुलभता हा वस्तूचा निरपेक्ष गुण नाही. कार्यालयात सुलभ वाटणारे यंत्र भर उन्हात, ओल्या हातांनी किंवा गर्दीत वापरताना अवघड ठरू शकते.

डॅनिश अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ साली वापरसुलभतेचे पाच घटक मांडले: शिकण्यातील सोपेपणा, कामाचा वेग, काही काळाने वापरल्यास पद्धत आठवणे, चुकांचे अल्प प्रमाण व त्या सुधारण्याची सोय, आणि समाधान.

ऐतिहासिक विकास

माणसाच्या चुकांकडे रचनेच्या दृष्टीने पाहण्यास दुसऱ्या महायुद्धात चालना मिळाली. अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानात पंखांवरील झडपा व चाके यांच्या कळा शेजारी आणि दिसायला सारख्याच होत्या. विमान उतरल्यावर झडपांऐवजी चाके मिटवली जाऊन अपघात होत. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपानिस यांनी एका कळीला चाकासारखा व दुसरीला झडपेसारखा आकार देण्याचा उपाय सुचवला, त्यामुळे कोणती कळ हाती आहे हे स्पर्शानेच कळू लागले. १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या गेलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास केला आणि अशा बहुतेक चुकांचे मूळ उपकरणांच्या रचनेत असल्याचे दाखवले.

अमेरिकी रचनाकार हेन्री ड्रेफस यांनी १९५५ च्या आपल्या ग्रंथात मानवी शरीराची मापे हा वस्तुरचनेचा पाया मानला. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात कारखान्यांसाठी चूक घडूच नये अशा योजनांची पद्धत विकसित केली. एका कारखान्यात विद्युत-बटणाखाली दोन स्प्रिंगा बसवताना कामगार कधीकधी एक स्प्रिंग विसरत. शिंगो यांनी दोन्ही स्प्रिंगा आधी एका छोट्या ताटलीत काढून ठेवण्याची पद्धत घालून दिली. काम संपल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली, तर विसर पडल्याचे लगेच दिसे. या पद्धतीला आरंभी 'मूर्खापासून बचाव' अशा अर्थाचे जपानी नाव होते. एका कामगार स्त्रीला ते अपमानास्पद वाटल्यानंतर १९६३ च्या सुमारास ते बदलून 'चुकीपासून बचाव' या अर्थाचे 'पोका-योके' हे नाव रूढ करण्यात आले.

संगणकक्षेत्रात १९८५ साली जॉन गूल्ड व क्लेटन लुईस यांनी तीन तत्त्वे सांगितली: आरंभापासून वापरकर्ता व त्याचे काम यांवर लक्ष, प्रत्यक्ष मोजमाप आणि पुन:पुन्हा सुधारणा. १९८६ साली डोनाल्ड नॉर्मन व स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने 'वापरकर्ता-केंद्रित' ही संज्ञा रूढ केली. दार ओढायचे की ढकलायचे हे दारानेच सांगितले पाहिजे, अशा आशयाची नॉर्मन यांची मांडणी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकामुळे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. १९९९ साली या प्रक्रियेसाठी 'आयएसओ १३४०७' हे मानक आले. २०१० पासून त्याची जागा 'आयएसओ ९२४१-२१०' ने घेतली.

भारतात चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात घरोघरी असणाऱ्या लोट्याचा उत्तम रचनेचा नमुना म्हणून गौरव केला. धरण्याची पकड, ओतण्याची धार, घासण्याची सोय, डोक्यावर वा कमरेवर वाहताना राहणारा तोल असे अनेक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्या एका आकारात सुटत गेले, असे त्यांचे निरीक्षण होते. या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी) औद्योगिक रचना केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या उभारणीत प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता.

कार्यपद्धती

या पद्धतीचे साधारणपणे चार टप्पे मानले जातात.

१. वापराची परिस्थिती समजून घेणे: वापरकर्त्याच्या कामाच्या जागी जाऊन निरीक्षण करणे, मुलाखती घेणे, त्याने स्वत: शोधलेल्या पळवाटा टिपणे. यंत्रावर चिकटवलेली चिठ्ठी, कळीला बांधलेली दोरी, मुठीला गुंडाळलेली चिंधी या वस्तू रचनेतील उणिवेचा पुरावा असतात.

२. गरजा निश्चित करणे: वापरकर्ता काय मागतो आणि त्याला कशाची गरज आहे, यांत फरक असू शकतो. मागणीमागील कारण शोधणे हे या टप्प्याचे काम होय.

३. नमुने तयार करणे: कागद, पुठ्ठा, माती, लाकूड यांचे स्वस्त नमुने आधी केले जातात, कारण कागदावरील चूक खोडता येते, पण साचा तयार झाल्यावर ती दुरुस्त करणे खर्चिक असते.

४. तपासणी: वापरकर्त्याला नेमून दिलेले काम करू देणे व तो कोठे अडतो हे मध्ये न बोलता पाहणे. नील्सन यांच्या मते पाच व्यक्तींच्या चाचणीतही बहुतेक ठळक दोष उघड होतात. म्हणून एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा लहान चाचण्या अनेकदा घेणे श्रेयस्कर ठरते.

तपासणीत दोष आढळल्यास पुन्हा आवश्यक त्या टप्प्याकडे परत जावे लागते.

पिंपरी-चिंचवड, देहूरोड व चाकण पट्ट्यातील उदाहरणे

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी व देहूरोड ही गावे ओळीने येतात. १९६० च्या दशकापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे येथे वाहने व सुटे भाग यांचे कारखाने वाढले आणि पुढे हा विस्तार चाकणपर्यंत गेला. आकुर्डीच्या बजाज टेंपो या कंपनीच्या नावातील 'टेंपो' हा शब्द मराठीत लहान मालवाहू गाडीचे सामान्यनाम बनला.

चेतक स्कूटर: बजाज ऑटोने १९७२ साली आणलेल्या 'चेतक' स्कूटरने मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारे वाहन दिले. परवाना पद्धतीच्या काळात मागणी पुरवठ्यापेक्षा इतकी अधिक होती, की ग्राहकांना स्कूटरसाठी अनेक वर्षे थांबावे लागे. किक मारण्यापूर्वी स्कूटर एका बाजूला कलती करण्याची सवय त्या पिढीच्या चालकांमध्ये सर्वत्र आढळे; त्यामुळे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते असे मानले जाई. वस्तूच्या स्वभावाशी वापरकर्त्यानेच जुळवून घेतल्याचे हे उदाहरण होय. १९८४ साली पुण्याच्या कायनेटिक समूहाने जपानी होंडा कंपनीसह आणलेल्या 'कायनेटिक होंडा' स्कूटरमध्ये बटणाने इंजिन सुरू करण्याची सोय होती आणि गिअर बदलण्याची गरज नव्हती. ज्यांना किक मारणे व हाताने गिअर बदलणे कष्टाचे वाटे, अशा अनेकांना, विशेषत: स्त्रियांना, स्कूटर चालवणे त्यामुळे सोपे झाले. चालवणारी माणसे तीच होती. बदलली ती रचना.

टाटा एस: टाटा मोटर्सच्या पिंपरी येथील अभियांत्रिकी संशोधन केंद्राशी निगडित असलेले हे वाहन या विषयातील सर्वांत परिचित भारतीय उदाहरणांपैकी एक आहे. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला होता. त्याच सुमारास महामार्गांचे जाळे सुधारत होते, मोठे ट्रक शहराबाहेर थांबू लागले होते आणि गल्लीबोळांतील मालवाहतूक तीनचाकी टेंपोंवर अवलंबून होती. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील गटाने तीनचाकी व लहान ट्रक चालवणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्याशी चर्चा केल्या.

खर्च कमी असावा, देखभाल सोपी असावी, गाडी उलटू नये या अपेक्षा त्यांतून अनपेक्षित नव्हत्या. त्यांच्या जोडीला प्रतिष्ठेचा मुद्दा पुढे आला. चारचाकी गाडीच्या मालकाला गावात मान मिळतो, लग्न ठरतानाही त्याचा विचार होतो, ही बाब चालकांच्या बोलण्यातून स्पष्ट झाली. तांत्रिक मागण्यांच्या यादीत सहसा न येणारी ही गरज केवळ छापील प्रश्नावलीतून कळणे कठीण होते.

मे २००५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीची वहनक्षमता ७५० किलोग्रॅम होती. 'इंडिका' मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनावरून तयार केलेले ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन तिला बसवले होते. वळणाची त्रिज्या ४.३ मीटर असल्याने ती अरुंद रस्त्यांवर सहज वळे. किंमत सुमारे सव्वादोन लाख रुपये ठेवण्यात आली. दूध, भाजीपाला, किराणा, पाण्याच्या बाटल्या अशा मालाच्या वाहतुकीत ती रुळली आणि चालकांनीच तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. २०१७ पर्यंत तिच्या विक्रीने २० लाखांचा टप्पा ओलांडला.

टाटा नॅनो: याच कंपनीची 'नॅनो' ही मोटार १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात सादर झाली व मार्च २००९ मध्ये विक्रीस आली. तिच्या अभियांत्रिकी गटाचे नेतृत्वही गिरीश वाघ यांच्याकडे होते. पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून रतन टाटा यांना सुरक्षित व स्वस्त मोटारीची कल्पना सुचली, म्हणजे तिचाही उगम वापरकर्त्याच्या निरीक्षणातच होता. तथापि 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' ही तिची ओळख ग्राहकांना आकर्षित करण्याऐवजी दूर ठेवणारी ठरली. पहिली मोटार ही कुटुंबाच्या प्रतिष्ठेचीही खूण असते. स्वस्तपणाचा शिक्का तिला मारक होता, हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. सामान ठेवण्यासाठी मागून उघडणारे दारही गाडीला २०१५ च्या आवृत्तीपर्यंत नव्हते. नॅनोचे उत्पादन २०१८ मध्ये जवळजवळ थांबले. 'टाटा एस'मध्ये प्रतिष्ठेची गरज ओळखली गेली, तर नॅनोच्या बाबतीत तीच दुर्लक्षित राहिली, म्हणून ही दोन उदाहरणे अभ्यासात एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

कारखान्यातील कामगार: यंत्राचा पहिला वापरकर्ता म्हणजे यंत्रावरील कामगार. सुट्या भागांच्या निर्मितीत पत्रा कापण्यासाठी व वाकवण्यासाठी पॉवर प्रेस वापरतात. त्यावर बोटे गमावण्याचे अपघात हा वाहन उद्योगातील गंभीर प्रश्न आहे. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण असणे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने बंधनकारक केले होते. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली न येणे, किंवा हात आत जाताच प्रकाशकिरण खंडित होऊन यंत्र थांबणे, या योजना कामगाराच्या सावधपणावर विसंबत नाहीत.

मात्र संरक्षक योजनेमुळे काम मंदावत असेल आणि तासाच्या उत्पादनाचे लक्ष्य तेच राहिले, तर एक बटण कायमचे दाबून ठेवण्यासारख्या पळवाटा काढल्या जाण्याचा धोका असतो. अशा वेळी केवळ कामगाराला दोष दिल्याने अपघात टळत नाहीत. उत्पादनाचे लक्ष्य, पाळीची लांबी, प्रशिक्षण व यंत्राची देखभाल हे सर्व 'वापराच्या परिस्थिती'चे भाग असून रचनेत त्यांचाही विचार करावा लागतो. 'पोका-योके' हा शब्द या पट्ट्यातील कारखान्यांत रोजच्या वापरातला झाला आहे. उलटा भाग बसूच नये अशी खुंटी असलेले फिक्श्चर हे त्याचे सर्वपरिचित रूप होय.

महाराष्ट्रातील अन्य उदाहरणे

मतदान यंत्र: इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ साली केरळमधील परूर मतदारसंघात झाला. यंत्राच्या पुढील रूपाच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातील प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवय्या यांचा सहभाग होता. उमेदवाराचे नाव, चिन्ह व निळे बटण एका ओळीत असल्याने कागदी मतपत्रिकेची सवय असलेल्या मतदाराला नवी रीत शिकावी लागत नाही. बटण दाबताच दिवा लागतो व आवाज होतो. त्यानंतर पुन्हा बटण दाबले तरी दुसरे मत नोंदले जात नाही. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही चिन्ह पाहून मत देता येते. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ही यंत्रे सर्व मतदारसंघांत वापरली गेली.

मराठी टंकलेखन: देवनागरीच्या 'इनस्क्रिप्ट' कळफलकाचा समावेश १९९१ च्या भारतीय मानकात झाला. त्यात स्वर व मात्रा डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे आहेत. क-ख, ग-घ अशा जोड्या एकाच कळीवर येतात. वर्णमाला पाठ असलेल्याला ही मांडणी तर्कसंगत वाटते, परंतु टंकयंत्रावर हात बसलेल्या लिपिकांना ती नव्याने शिकावी लागली. एकाच भाषेच्या दोन वापरकर्त्यांच्या गरजा किती भिन्न असतात, हे यावरून दिसते. स्पर्शपडद्याच्या भ्रमणध्वनीसाठी आयआयटी मुंबईने २०१३ साली 'स्वरचक्र' हा मोफत कळफलक उपलब्ध केला. त्यात व्यंजनाला स्पर्श करताच त्याची बाराखडी चक्राच्या आकारात दिसते. 'ॲसिड', 'ॲप' अशा शब्दांतील 'ॲ' या मराठीला आवश्यक अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तोवर ते दोन चिन्हे जोडून लिहावे लागे.

कायदेशीर तरतुदी

वापरकर्त्याचा विचार काही ठिकाणी कायद्यानेही बंधनकारक केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे आवश्यक आहे. साडीचा पदर वा ओढणी चाकात अडकू नये हा त्यामागील हेतू असून, हे आवरण 'साडी गार्ड' म्हणून परिचित आहे. वाहन चालवणाऱ्याइतकाच मागे बसणाराही वापरकर्ता आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीस प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. ग्राहकांना फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या संकेतस्थळांवरील मांडणीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अशा मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत.

टीका व मर्यादा

डोनाल्ड नॉर्मन यांनीच २००५ साली या पद्धतीच्या अतिरेकावर टीका केली. विशिष्ट व्यक्तींच्या आवडीनिवडींवर अधिक भर दिल्यास मूळ काम दुर्लक्षित राहते, म्हणून रचनेच्या केंद्रस्थानी कृती असावी, असे त्यांचे मत होते.

वापरकर्ता कोणाला म्हणायचे, हाही वादाचा मुद्दा आहे. गाडी विकत घेणारा मालक, ती दिवसभर चालवणारा पगारी चालक, माल चढवणारा हमाल आणि त्याच रस्त्याने चालणारा पादचारी यांच्या गरजा परस्परविरोधी असू शकतात. पैसे देणाऱ्याचे मत नेहमी विचारले जाते, इतरांचे क्वचितच. जाहिरात पाहण्याचे किंवा नको असलेली वस्तू घेण्याचे काम सोपे करण्यासाठीही याच तंत्रांचा उपयोग होऊ शकतो. त्यामुळे वस्तू वापरण्यास किती सुलभ आहे या प्रश्नाबरोबर ती सुलभता कोणाच्या हिताची आहे, हा प्रश्नही अभ्यासक उपस्थित करतात.

हेही पहा

- मानवी अभियांत्रिकी
- सार्वत्रिक रचना
- औद्योगिक सुरक्षा
- पोका-योके
- टाटा एस
- इनस्क्रिप्ट
- देहूरोड